शून्याच्या आसपास

गारठा आणि साहेब यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचं हवामान कचेरीत कुणाला आठवत नव्हतं. त्या दिवशी सकाळीही ते झालं नाही, आणि पुढचा सगळा अनर्थ तिथूनच सुरू झाला.

गारठा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण हा माणूस हिवाळ्यात तोंड उघडायचा ते 'थंडी वाढणार' एवढंच म्हणायला, मग लोकांनी दुसरं काय नाव ठेवायचं? साहेबांचं नेमकं उलट. समुद्रावरून येणाऱ्या कोमट वाऱ्यावर त्यांचा भारी जीव. आभाळ भरून आलं की साहेब म्हणणार 'पाऊस', आणि बोचरा वारा सुटला तरी म्हणणार 'पाऊसच'. या दोघांच्या मधल्या टेबलावर थोरली बसायची. घरी ती आईची थोरली, धाकटीची ताई. कचेरीत नुसती बाई. आणि गेल्या हिवाळ्यापासून, पाठ वळली की, काचवाली.

ते काचवाली प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गेल्या हिवाळ्यात तिने एकटीच्या जोरावर इशारा दिला होता. पाऊस पडेल, रस्त्याला टेकताच गोठेल, सगळीकडे काचेचा थर बसेल, कुणी घराबाहेर पडू नका. गावाने ऐकलं. शाळा बंद, दुकानं बंद, बसगाड्या जागच्या जागी. आणि दुपारी काय, तर लख्ख ऊन! लोक दारात खुर्च्या टाकून बसले. वर्तमानपत्रात चित्र आलं: उन्हात छत्री उघडून कुडकुडणारी एक बाई, नाकावर चष्मा, अगदी हिच्यासारखा. साहेबांना वरून फोनावर फोन. साहेब तिला काही बोलले नाहीत, हे खरं. पण त्यानंतर तिने एखादा आकडा मांडला की ते आधी चष्मा काढून पुसायचे आणि मग बघायचे. ते पुसणं तिला शिव्यांपेक्षा लागायचं.

तर त्या सकाळी आभाळात सोडलेल्या फुग्याने वरून पाठवलेले आकडे तिच्यासमोर होते. उत्तरेकडची थंड हवा दोन दिवसांपासून येऊन ठाण मांडून बसली होती, आणि समुद्रावरची कोमट हवा तिच्या अंगावर चढत होती. कोमट हवा हलकी, ती वरून सरकते. थंड हवा जड, ती नदीच्या खोऱ्यात डबक्यातल्या पाण्यासारखी साचून राहते आणि सहजासहजी हलत नाही. वरच्या उबेत हिम वितळणार, पाऊस होऊन खाली येणार, खालच्या पातळ गार थरातून येताना थेंब पाणीच राहणार, आणि जमिनीला टेकला रे टेकला की बर्फ. आकड्यांत हे सगळं ढळढळीत दिसत होतं.

"हिम!" गारठा म्हणाला. "शून्याखाली तीन. लिहून घ्या."

"काय हिम? वर ऊब बघा की जरा," साहेब म्हणाले. "पाऊस. शून्यावर तीन."

"साहेब, खाली थंडी कशी साचलीय ते दिसत नाही का तुम्हाला?"

"आणि तुला वर काही दिसत नाही. तुझं सगळं लक्ष पायाखाली."

गंमत अशी की दोघंही अर्धं अर्धं बरोबर होते. एकाला खालचं दिसत होतं, दुसऱ्याला वरचं. दोन्ही एकत्र पाहणारं माणूस मधे बसलं होतं, आणि त्या माणसाच्या तोंडाला कुलूप होतं.

आता त्या कचेरीची एक रीत होती. कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती, पण वर्षानुवर्षं पाळलेली. दोघांचं जमलं नाही की तिसऱ्याने मधला आकडा घ्यायचा, दोघांचं थोडं थोडं राखायचं आणि सही करायची. भांडण मिटतं, चहा गरम असतानाच पिता येतो. एरवी त्यात काही बिघडत नसे. एक म्हणतो वारा जोराचा, दुसरा म्हणतो मंद, लिहा मध्यम. कुणाचं काय जातं? पण त्या दिवशी हिम आणि पाऊस यांच्या मधे काय होतं, ते कुणी थांबून पाहिलं नाही. हिम पडलं तर लोक जपून चालतात, पालिकेच्या गाड्या बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. पाऊस पडला तर फार तर भिजतात. या दोहोंच्या बरोब्बर मधे काच होती, दोन्हींपेक्षा भयंकर.

"मला वाटतं, रस्त्यावर गोठेल," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"पुन्हा काच?" गारठा हसला. वाईट मनाने नव्हे, सवयीने.

झालं. तेवढ्यावर बाईंची हिंमत गळाली. तिने लिहिलं: दुपारनंतर हलका पाऊस, तापमान शून्याच्या आसपास, काही ठिकाणी रस्ते निसरडे होण्याची शक्यता. शून्य आणि पाऊस एकाच ओळीत! शहाण्या माणसाने ती ओळ वाचून किंचाळायला हवं होतं. तिघांनी वाचली. साहेब म्हणाले, "छान, सगळं आलं यात." गारठ्याने मान हलवली. तिने सही केली.

सही वाळते न वाळते तोच धाकटीचा फोन.

धाकटी आईजवळ राहायची, नदीच्या अलीकडे. इस्पितळ पुलाच्या पलीकडे. आईच्या किडन्यांनी कधीच हात टेकले होते. दर दोन दिवसांनी तिला मशीनवर झोपवून रक्त साफ करून आणावं लागे. मागच्या खेपेला मशीनच बिघडलं होतं, मायलेकी तशाच परत आल्या होत्या. तेव्हापासून आईचे पाय सुजून खांबासारखे झालेले, आडवं झालं की धाप, म्हणून रात्रभर उशांना टेकून बसलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, आज काही झालं तरी आणा.

"ताई, आत्ता निघू की दुपारी?" धाकटी विचारत होती. "नर्सबाई म्हणतात, आत्ता आलात तरी चालेल, एक मशीन मोकळं आहे. पण बाहेर हाडं गोठतायत गं, आणि आईचा आत्ता कुठे डोळा लागला होता. तू सांग, तसं करते."

'आत्ताच निघा. आहे त्या कपड्यांत निघा.' हे वाक्य थोरलीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण साहेब दोन हातांवर उभे. आणि घरच्यांना वेगळा अंदाज द्यायचा नाही हा साहेबांचा कडक दंडक. पूर्वी एकाने सासुरवाडीला खासगीत सांगितलं आणि गावभर झालं, की कचेरीवाले लोकांना एक सांगतात आणि आपल्या माणसांना दुसरंच. शिवाय, खोटं कशाला बोला, दंडकापेक्षा तिचं स्वतःचंच घोडं अडलं होतं. आत्ता धाकटीला 'निघ' म्हणायचं म्हणजे नुकतीच केलेली सही खोटी आहे असं स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. ते तिला जमेना. तिने समोरचा कागद वाचून दाखवला.

"दुपारनंतर हलका पाऊस. तापमान शून्याच्या आसपास. थंडी जरा कमी होईल."

"म्हणजे दुपारीच बरं पडेल?"

"हं. सावकाश या."

मागून आईचा आवाज आला, दमलेला पण ठणठणीत. "तिला म्हणावं, आभाळ बघायचा पगार घेतेस, आणि परवा माझे दोरीवरचे कपडे भिजले!"

धाकटी हसली. थोरलीही हसली. आणि तिने फोन ठेवला.

दुपारी पाऊस आला. बारीक, सरळ, बिनवाऱ्याचा. कचेरी टेकडीवर, तिथे पारा शून्याच्या किंचित वर होता आणि अंगणात नुसतं पाणी. साहेबांची कळी खुलली. "बघा, पाऊसच!" म्हणत ते खिडकीशी हात चोळत उभे राहिले. गारठा तोंड फुगवून बसला. थोरली मात्र पुलाजवळच्या तापमापकाचा आकडा बघत होती. तिथे पारा शून्याखाली होता, जराही हलत नव्हता. तिने खिडकीतून खाली पाहिलं. खोऱ्यातली झाडं चमकायला लागली होती.

फोन वाजला तेव्हा कुणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही.

"ताई, गाडी घसरली गं!" धाकटी रडकुंडीला आली होती. "पुलाच्या अलीकडे, उतारावर. लागलं नाही कुणाला. पण पुढे एक ट्रक आडवा झालाय, मागे पाच-सहा गाड्या एकमेकींवर बसल्यात. मी खाली उतरले तर उभंच राहता येईना, सरपटत आत आले. सगळीकडे काच आहे, ताई, नुसती काच! इस्पितळ समोर दिसतंय बघ, दिवे दिसतायत. आईला धाप लागलीय."

"रुग्णवाहिका?"

"आलीय ना! पुलाच्या त्या टोकाला उभी आहे. चढतच नाहीये वर."

थोरलीने मीठगाड्यांच्या डेपोवाल्याला फोन लावला. तो गेल्या हिवाळ्यात तिच्याच शब्दावर गावभर मीठ टाकून मोकळा झालेला, आणि ते वाया गेलं म्हणून वरच्यांच्या शिव्या खाल्लेला गृहस्थ. त्याने तिला नीट बोलूही दिलं नाही.

"बाई, पाऊस तुम्ही लिहिलात. पावसात मीठ टाकलं तर वाहून जातं, हे पोरासोरांनाही कळतं. आता गाड्या काढायच्या म्हणता? माझ्या दारातल्या उतारावर माझीच माणसं आपटतायत! चाकांना साखळ्या बांधायला घेतल्यात. संध्याकाळ होईल."

"माझी आई आहे हो पुलाजवळ."

तो म्हणाला, "करतो. होईल तितक्या लवकर करतो." पण त्याच्या आवाजावरूनच तिला कळलं की संध्याकाळच होणार.

ती नकाशाकडे वळली. आता तिला कुणाची भीड नव्हती, आणि कुणी मधे बोलतही नव्हतं. साहेब तिच्या खुर्चीमागे पांढरेफटक होऊन उभे होते. वारा नाही. वारा फिरल्याशिवाय खोऱ्यातली थंडी हटणार नाही, आणि दिवस मावळेपर्यंत वारा फिरणार नाही. वरून पाऊस पडतच राहणार, थर जाड होत जाणार. आयुष्यात इतका स्वच्छ अंदाज तिने कधी बांधला नव्हता. कुठे म्हणून शंका नव्हती.

पुन्हा फोन. या वेळी आई.

"थोरले," आई म्हणाली. दोन शब्द बोलायची आणि थांबायची. "ही धाकटी उगाच रडतेय. तू सांग. किती वेळ लागेल हे वितळायला?"

थोरलीने तोंड उघडलं. आईचा श्वास तिला फोनमधून ऐकू येत होता, घरघरणारा, पाण्यात बुडाल्यासारखा. संध्याकाळपर्यंत हे सुटत नाही, असं या श्वासाला कसं सांगायचं? कोणती लेक सांगेल? जिवाला घोर लागेल, धाप आणखी वाढेल, असं तिच्या मनात आलं.

"अर्धा तास, आई," ती म्हणाली. "ऊब येतेच आहे. अर्ध्या तासात सगळं पाणी पाणी होईल. तू शांत बसून राहा."

"बघ! मी हेच म्हणत होते." आईच्या आवाजात जीव आला. "बरं, ठेव आता. तुझं काम कर."

साहेबांनी हे ऐकलं. त्यांनी फक्त कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

आणि तिने कामच केलं. रस्त्यांवर बर्फाचा थर जमला आहे. खोऱ्यातली थंडी सूर्यास्तापर्यंत हटणार नाही, तोवर बर्फ वितळणार नाही. वाहनात अडकलेल्यांनी वाट पाहत बसू नये, बुटांवरून मोजे चढवून, एकमेकांना धरून जवळच्या इमारतीत जावं. आजाऱ्यांना उचलून न्यावं. प्रत्येक शब्द खरा, एकही गुळमुळीत नाही. मधलं काही नाही. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली, गारठ्याने धावत जाऊन रेडिओ केंद्राला फोनवर वाचून दाखवलं, आणि लगेचच ते सगळीकडे ऐकू यायला लागलं. त्या एका निवेदनाने त्या दिवशी किती माणसं वाचली असतील, देव जाणे. साहेब तर म्हणाले, "बाई, हे सकाळी लिहायला हवं होतं आपण." आपण म्हणाले, तेवढा त्यांचा मोठेपणा.

तिने धाकटीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. विजेच्या तारांवर बर्फ बसून खांब कोसळत होते, मोबाइलचे मनोरेही बंद पडले असणार. ती लावत राहिली.

वारा फिरला तो अगदी तिने लिहिला होता तेव्हाच. दिवस मावळताना दक्षिणेकडून एक ओलसर झुळूक आली, आणि गावभर पागोळ्या गळायला लागल्या. साहेबांनी स्वतःच्या गाडीतून तिला इस्पितळात सोडलं. रस्ते ओले होते, नुसते ओले, बर्फाचा मागमूस नाही. पुलाअलीकडच्या उतारावर साहेबांनी गाडी हळू केली. कडेला धाकटीची गाडी एका अंगाला कललेली उभी होती, चारही दारं उघडी. तिने तिकडे पाहिलं नाही.

धाकटी इस्पितळाच्या बाकावर बसली होती. अंगात कुणाचा तरी परका कोट, मांडीवर आईचे बूट. तिच्या तोंडाकडे बघूनच थोरलीला कळलं. ती शेजारी बसली आणि दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, अगदी लहानपणी रडायच्या तशा, आवाज काढून. येणारीजाणारी माणसं वाट वाकडी करून जात होती.

रडून रडून दमल्यावर धाकटी बोलायला लागली. तिला बोलायचंच होतं, थांबवून थांबली नसती.

"शेवटपर्यंत छान होती गं. तुझ्याशी बोलली आणि एकदम शांत झाली. मला म्हणते, रडतेस काय, थोरलीने सांगितलंय ना. मग ती माणसं आली."

"कोण माणसं?"

"इस्पितळातली. चौघं. बुटांवरून मोजे घातलेले, कमरेला दोर बांधलेला, आणि एक खुर्ची. पूल ओलांडून आले, ताई, रांगत रांगत! म्हणाले, आजीबाई, खुर्चीत बसा, पंधरा मिनिटांत नेऊन पोचवतो, मशीन तयार आहे." धाकटीने नाक पुसलं. "आई बसेचना. म्हणाली, बाळांनो, तुमचा पाय घसरला तर माझ्यापायी कुणाचं तरी हाड मोडेल. अर्ध्या तासात वितळतंय सगळं, मी येते माझी माझी. मागच्या गाडीत एक बाई अवघडलेली होती, तिच्याकडे बोट दाखवलं, म्हणाली, तिला न्या आधी. नेलं त्यांनी तिला. परत येईपर्यंत..."

थोरली ऐकत होती.

"मी सांगत होते तिला," धाकटी म्हणाली. "गाडीतला रेडिओ चालू होता. त्यावर ओरडून सांगत होते, संध्याकाळपर्यंत वितळणार नाही, वाट बघू नका, उचलून न्या. मी म्हटलं, आई, ऐक, ते बघ काय म्हणतायत. तर म्हणते कशी, रेडिओवाल्यांना काय कळतंय, माझ्या लेकीने सांगितलंय अर्धा तास. आणि तो बंदच करून टाकला." ती जराशी हसली, आणि तिने ताईचा हात हातात घेतला. "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. त्यांचं बरोबर निघालं, तुझं चुकलं. अंदाजच तो. चुकतो कधी कधी."

आता गप्प बसता आलं असतं. धाकटीने दार उघडून दिलं होतं, नुसती मान हलवायची होती. थोरलीने एकदा तसं करूनही पाहिलं. पण तो हात इतका विश्वासाने तिच्या हातात होता की तिला तो सोसवेना.

"रेडिओवरचंही मीच लिहिलं होतं," ती म्हणाली.

धाकटीला कळायला वेळ लागला. मग तिने विचारलं, "आधी, की आईशी बोलल्यावर?"

"बोलल्यावर. लगेच. पण मला माहीत होतं. बोलतानाही माहीत होतं."

"मग तिला अर्धा तास का सांगितलास?"

"घाबरेल म्हणून."

धाकटीने हात काढून घेतला. आईचे बूट उचलून मांडीवर नीट जवळजवळ ठेवले.

"घाबरली असती," ती म्हणाली, "तर बसली असती खुर्चीत."